कंपनी नोंदवली म्हणजे लोकांचे पैसे घ्यायची मुभा मिळाली?

सांगली-मिरजेत सध्या एक मेसेज फिरतोय : "15 हजारांत स्वतःची इन्व्हेस्टमेंट कंपनी काढा. सरकारी सर्टिफिकेट मिळतं. नोटरी करून लोकांकडून पैसे घ्या, शेअर बाजारात लावा, महिना 5 टक्के द्या. सगळं कायदेशीर." कंपन्या नोंदवून देणं हेच माझं काम. यातलं फक्त सर्टिफिकेटचं खरं आहे.

पण ते सर्टिफिकेट कंपनी स्थापन झाल्याचं. मार्केट यार्डात गाळा घेतला म्हणून हळदीची अडत सुरू करता येत नाही, बाजार समितीचा परवाना लागतो. इथंही तसंच. लोकांचे पैसे घेऊन शेअर्समध्ये सांभाळायचे तर सेबीकडे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, पोर्टफोलिओ मॅनेजर म्हणून नोंदणी हवी. त्याला 5 कोटींची नेटवर्थ (देणी वजा जाता उरणारी स्वतःची मालमत्ता) लागते आणि एका गिऱ्हाइकाकडून 50 लाखांच्या खाली घेता येत नाही. नवी फायनान्स कंपनी काढायला रिझर्व्ह बँक 10 कोटींचा स्वनिधी, म्हणजे मालकांचं स्वतःचं भांडवल, मागते, आणि त्यानंतरही जनतेच्या ठेवी घ्यायची परवानगी वेगळीच.

आता नोटरी. तासगावकडचे एक काका ऑफिसात आले होते. पासबुकाच्या प्लॅस्टिक पिशवीत घडी घातलेला 500 चा स्टॅम्प, त्यावर लाल शिक्का, मजकूर 'हातउसने 2 लाख'. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे. "शिक्का आहे की साहेब," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला काय बोलावं सुचेना. शिक्क्यानं पैसे सुरक्षित होत नाहीत. अनियंत्रित, म्हणजे परवानगीशिवाय धंदा म्हणून घेतलेल्या, ठेवींवर बंदी घालणाऱ्या 2019 च्या कायद्यात ठेव म्हणजे परतीच्या बोलीवर घेतलेली रक्कम, मग ती कर्ज म्हणा, आगाऊ म्हणा. अशी ठेव घेणाऱ्याला 2 ते 7 वर्षं कैद. अशी ठेव ठेवा असं नुसतं आवाहन करणाऱ्यालाही 1 ते 5 वर्षं. कमिशनसाठी मामाला, मेहुण्याला गळ घालणाऱ्या पोरांना हे कुणीच सांगत नाही, याचा मला फार त्रास होतो.

राहिले 5 टक्के. 100 जणांचे 2-2 लाख घेतले तर महिन्याला 10 लाख वाटायचे, बाजार पडला त्या महिन्यातही. ते मग नव्या माणसाच्या पैशातूनच जातात.

या धंद्यात यायचंच असेल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची म्युच्युअल फंड वितरकाची परीक्षा द्या, अँफी या म्युच्युअल फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी नंबर, घ्या. त्यात गिऱ्हाइकाचा पैसा त्याच्या बँक खात्यातून थेट फंडाकडे जातो, तुमच्या खात्यात एक रुपयाही येत नाही.