मांडावर माइक लावा, मन आपोआप मोकळं होईल

संस्थेला फंड मिळालाय, मार्च तोंडावर आलाय, आणि प्रपोजलमध्ये तुम्ही "आदिवासी समाजासाठी सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील मानसिक आरोग्य सेवा" असं आधीच लिहून बसलाय? मग अजिबात टेन्शन घेऊ नका. गोव्यात हे काम सगळ्यात सोपं. आमच्याकडे सगळं जवळजवळ, सकाळी पणजीतून गाडी काढली की दुपारपर्यंत अख्खा समाज समजून घेऊन परत फिरता येतं, वाटेत काणकोणला फिशथाळी पण होते.

आता पहिली अडचण म्हणजे आदिवासी शोधायचा कसा. कारण गोव्यातला आदिवासी दिसतच नाही हो! तो तुमच्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसलेला असतो, शाळेत गणित शिकवत असतो, पंच म्हणून निवडून आलेला असतो. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो 2003 मध्ये, 2011 च्या जनगणनेत राज्यातल्या साधारण दहा माणसांत एक माणूस यांच्यातला निघाला, आणि धनगर-गवळी अजून रांगेतच उभे आहेत. त्यात परत हिंदू गावडे वेगळे, ख्रिस्ती गावडे वेगळे, आणि 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी केली त्यातले नवहिंदू गावडे आणखी वेगळे. एवढं कोण लक्षात ठेवणार? पीपीटीवर मोठ्या अक्षरात "ट्रायबल" लिहा आणि खाली तारपा वाजवणाऱ्या माणसाचा फोटो टाका. तारपा पालघरकडचा असला म्हणून काय झालं, निधी देणारे दिल्लीत बसतात.

मग येते संवेदनशीलता. ती बहुतेक कापडाच्या दुकानात मिळते. उद्घाटनाला सगळ्या मॅडमनी लाल चौकड्यांची कुणबी साडी नेसायची, गुडघ्याच्या वर नको, फोटोत बरं दिसलं पाहिजे. गावातल्या बायका मॅक्सी नाहीतर चुडीदार घालून आलेल्या असतील, त्यांना मागच्या खुर्च्यांवर बसवा. समई, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ, सरपंचांचं भाषण, आमदारांची वाट बघणे, यात दीड तास जातो, तो प्रोग्रॅमच्या वेळेत धरायचा.

सांस्कृतिक भाग म्हणून धालो, म्हणजे बायकांचा गाण्यांसह नाच, ठेवाच. धालो खरं तर पौषात असतात, रात्री, बायकांचे, गावच्या मांडावर, आणि मांड म्हणजे देवाची जागा, तिथे कोणी चपला घालून फिरत नाही. शेवटच्या रात्री काही बायकांच्या अंगात रंभा येते, आणि इतर वेळी घरात चूल-गोठा-रोजंदारीत ज्यांना मान वर करायला फुरसत नसते त्या बायका तिथे रात्रीच्या रात्री एकमेकींच्या कमरेत हात घालून, ओळीत पुढेमागे होत गात असतात. कोणी विचारत नाही "तुला काय होतंय", सगळ्यांना माहीत असतं कोणाला काय होतंय. पण आपल्याला पाच मिनिटांत आटपायचंय, म्हणून सकाळी अकराला स्टेजवर, चपलांसकट, साउंड सिस्टीमवर. अंगात वगैरे येऊ देऊ नका, तेवढं आयोजकांना बजावून ठेवा. मग लगेच निवेदिकेने म्हणायचं, की आता आपण या समाजाला मन मोकळं करायला शिकवणार आहोत.

शिकवायला डिप्रेशन ओळखायचा नऊ प्रश्नांचा तो जगप्रसिद्ध फॉर्म आहेच. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागत होतं का, असं करत करत नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल. हा फॉर्म खरं म्हणजे एकेकाला बाजूला घेऊन, दार लोटून, वेळ देऊन विचारायचा असतो, पण सव्वाशे माणसं जमलीत आणि भाजीपाव थंड होतोय, तेव्हा सरळ माइकवर वाचा आणि हात वर करायला सांगा. सासू उजवीकडे, जाऊ डावीकडे, पुढच्या रांगेत नवऱ्याचा मित्र. नवव्या प्रश्नाला एकही हात वर आला नाही की रिपोर्टमध्ये लिहायचं, समाजाचं मानसिक आरोग्य उत्तम.

एखादी म्हातारी मात्र उठतेच. म्हणते, "म्हाका न्हीद पडना गे बाये." लगेच झोपेच्या खणात टिक मारा, पुढचं ऐकू नका! पुढचं ऐकलं तर ती सांगायला लागेल की सासऱ्याने लावलेल्या काजूंच्या जागेत आता वनखात्याचा दगड आहे, कुमेरी, म्हणजे डोंगरावरची फिरती शेती, कधीच बंद झाली, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली मुलाने दावा घातलाय, अधिकारी मापणीला आले, परत आले, कागद कमी पडला, दाव्याचं काय झालं कोणी सांगत नाही, आणि मध्येच कोणीतरी म्हणतं की अभयारण्य आहे, उठावं लागेल. हे सगळं फॉर्मच्या कुठल्या खणात बसवणार तुम्ही? बसत नाही. तिला श्वासाचा व्यायाम द्या. चार आकडे मोजत आत, चार आकडे मोजत बाहेर. जमिनीचा विषय निघाला की तज्ज्ञांनी घड्याळ बघायचं, हा आमच्या क्षेत्रातला जुना नियम आहे.

तसंच कुर्डीचं नाव काढू नका. साळावली धरणात गेलेला गाव, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतो, आणि बाहेर पुनर्वसन झालेली माणसं, हिंदू ख्रिस्ती सगळी, मे महिन्यात तिथे जातात, सोमेश्वराचा उत्सव करतात, चॅपेलचं फेस्त करतात, आपलं घर होतं तिथल्या दगडांवर बसून पोरांना दाखवतात की इथे न्हाणी होती, इथे माड. चाळीसेक वर्षं हे चाललंय, ना कोणाचा फंड, ना बॅनर. असल्या गोष्टी लोकांना कळल्या तर आपल्या "ग्रीफ वर्कशॉप"ला कोण येईल?

घाडीबद्दल, म्हणजे गावच्या देवऋषीबद्दल, दोन शब्द. त्याला स्टेजवरून अंधश्रद्धा म्हणून झोडायचं आणि रिपोर्टसाठी त्याच्याच तुळशीपाशी उभं राहून फोटो काढायचा, "पारंपरिक उपचारकांशी समन्वय" या कॅप्शनखाली. लोक आधी त्याच्याकडे का जातात हे शोधायच्या भानगडीत पडू नये, उत्तर फार साधं निघतं, तो वाड्यावरच असतो, केसपेपर मागत नाही आणि पेशंटबरोबर अख्ख्या घराला बसवून ऐकतो. (घाडी म्हणजे संत असंही कोणी समजू नये. फिट येणाऱ्या पोराला किंवा एकटंच बडबडत रानात निघून जाणाऱ्या तरुणाला कोंबडा-नारळात महिनोनमहिने अडकवून ठेवलं तर नुकसान होतं ते होतंच, त्याला गोळ्याच लागतात. पण "देवाचं पण कर आणि डॉक्टरकडे पण ने" असं घाडीनेच सांगितलं तर घरचे ऐकतात. त्यासाठी त्याच्याशी आधी दोन-चार वेळा चहा घ्यावा लागतो, आणि तुमच्या बजेटमध्ये चहा फक्त प्रमुख पाहुण्यांसाठी आहे.)

दारूवरचं व्याख्यान कामाच्या दिवशी सकाळी ठेवा. पिणारे तेव्हा काजूच्या बागेत नाहीतर ट्रकवर असतात, त्यामुळे शांतता राहते. ऐकायला बायका आणि सहावी-सातवीची पोरं येतात, त्यांना उर्राक, म्हणजे काजूची दारू, कसा वाईट हे पटवून द्यायचं. ती टाळ्या पण छान वाजवतात.

एक धोक्याची सूचना. कोणी आगाऊ माणूस उठून म्हणेल की गोव्यातच हे काम वेगळ्या पद्धतीने झालंय. 1996 पासून इथे 'संगत' नावाची संस्था आहे, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेली. त्यांनी डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्राची डिग्री नसलेल्या साध्या माणसांना ट्रेनिंग देऊन आरोग्य केंद्रांत बसवलं, तो मानस नावाचा प्रयोग 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि सरकारी केंद्रांतल्या पेशंटना त्याचा चांगला फायदा झालेला दिसला. पुढे डिप्रेशनसाठी सहा ते आठ बैठका, दारू जास्त झालेल्या पुरुषांसाठी चारपर्यंत, एवढ्यावर लोकांना फरक पडला, तेही 2017 मध्ये तिथेच छापून आलं. म्हणजे जग ज्याचे दाखले देतं तो प्रयोग आपल्या हेल्थ सेंटरच्या बाकड्यांवर झालाय. असल्या माणसाला हसून म्हणा, "तुमचा मुद्दा नोट केलाय." कारण हे मान्य केलं तर पुढचा प्रश्न येतो की गावडोंगरीतली किंवा नेत्रावळीतली बारावी झालेली वेळीप मुलगी, जिला प्रत्येक घरातली भानगड माहीत आहे आणि जी ती पोटात ठेवू पण शकते, तिलाच शिकवून, पगार देऊन तिथेच का नाही नेमायची? मग आपण काय करायचं? आपल्या साड्यांचं काय करायचं?

न्यूझीलंडचा दाखला मात्र जरूर द्या, लांबचा असला की त्रास देत नाही. तिकडे मेसन ड्युरी या माओरी डॉक्टरांनी 1980 च्या दशकात मांडलं की आरोग्याला चार भिंती असतात, शरीर, मन, आत्मा आणि कुटुंब. स्लाइड सुंदर होते. तो माणूस स्वतःच त्या समाजातला होता, एवढं सांगायचं राहून गेलं तरी चालेल.

फॉलोअप सोपा आहे. जाताना 14416 चं स्टिकर सगळ्यांना वाटा, 2022 पासूनची टेलिमानस हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास. खोतीगावच्या ज्या वाड्यावर रेंज वरच्या टेंबावर चढल्याशिवाय येत नाही तिथे रात्री दोन वाजता ज्याचा जीव घुसमटला त्याने टॉर्च घेऊन टेंब चढावा, व्यायामही होतो. ज्याला प्रत्यक्ष डॉक्टर हवा त्याने पणजीजवळ बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयात यावं, काणकोण, मडगाव, मग बांबोळी, बस बदलत बदलत, एका दिवसाची रोजंदारी बुडवून, बरोबर एक माणूस घेऊन त्याचीही बुडवून. पुढच्या महिन्याला परत. न आल्यास त्याच्या नावापुढे "उपचाराबाबत उदासीन" लिहायचं.

शेवटी अभिप्राय घेतला जातो. लोक दरवेळी तेच तेच मागतात, महिन्यातून एकदा तोच डॉक्टर इथल्याच सेंटरात येऊ दे, गोळ्या इथेच मिळू देत, दुपारची बस सुरू करा, आणि वनहक्काच्या दाव्याचं काय झालं तेवढं कोणीतरी सांगा. रिपोर्टमध्ये याचं एक वाक्य करायचं, "समाजात अजून जनजागृतीची नितांत गरज आहे," त्यावर पुढच्या वर्षीचं प्रपोजल आरामात उभं राहतं. आणि हो, मंडपवाल्याकडून बिल जीएसटी नंबरसकट घ्या, नाहीतर ऑडिटवाले परत पाठवतात.