पुस्तके माझी, कुलूप त्यांचे

जुन्या ई-रीडरची बॅटरी उतारवयाला लागली आणि मी दुसऱ्या कंपनीचा ई-रीडर घेतला, एवढेच खरे तर घडले आहे. नवे यंत्र हलके आहे, पान उलटायला कडेला बटणे आहेत आणि त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती परवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका अनोळखी गृहस्थांनी माझी जी उलटतपासणी घेतली तिच्याबद्दल, आणि त्याहून अधिक म्हणजे त्यांच्या एकाही प्रश्नाला मला धड उत्तर देता आले नाही याबद्दल.

मी कव्हर घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने यंत्र उजेडात तिरपे धरून पाहिले आणि "डिस्प्ले गेलाय, रंग येत नाहीत," असे निदान केले. मी समजावू लागलो की हा पडदा असाच असतो. सूक्ष्म कुप्यांत काळे आणि पांढरे कण असतात, विजेच्या इशाऱ्यावर ते वरखाली होतात आणि एकदा पान उमटले की ते तसेच राहायला वीज लागत नाही, म्हणून तर बॅटरी आठवडेच्या आठवडे टिकते. दुकानदाराचे लक्ष नव्हते. लक्ष होते ते शेजारी रिमोटच्या कव्हरासाठी घासाघीस करत उभ्या असलेल्या सत्तरीच्या गृहस्थांचे.

"जुन्या यंत्रातली पुस्तके आली का सगळी यात?"

"नाही, ती येत नाहीत."

"का? जागा कमी आहे?"

जागा भरपूर होती, हेच तर दुःख होते. मी सांगितले की जुन्या कंपनीच्या पुस्तकांना डिजिटल कुलूप असते, किल्ली त्या कंपनीकडच्या माझ्या खात्याशी बांधलेली असते, आणि नवे यंत्र इपब हा ई-पुस्तकांच्या फाइलींचा सर्वांना खुला असलेला साचा वाचत असले तरी ते कुलूप काही त्याला उघडत नाही.

"पैसे दिले होते ना?"

"दिले होते."

"पावती?"

"ईमेलवर आहे."

"मग तुमच्या पुस्तकाला त्यांचे कुलूप कसे?"

अटी वाचल्या तर आपण पुस्तक नव्हे, ते वाचण्याचा परवाना घेतलेला असतो, असे मी म्हणालो आणि गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. त्यांचा नारायण पेठेत वाडा होता आणि त्या वाड्यात, अर्थातच, एक दावा होता.

"म्हणजे तुम्ही भाडेकरू!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की दुकानातली बाकीची गिऱ्हाइके माझ्याकडे वळून पाहू लागली. मग त्यांनी स्वतःच निकाल बदलला. "छे, भाडेकरूसुद्धा नाही. भाडेकरूच्या पाठीशी 1947 चा कायदा होता, आता 1999 चा आहे. आमच्या तळमजल्यावरचा इसम महिन्याला जे भाडे देतो त्यात अमृततुल्यात दोघांचा चहा होत नाही, पण त्याला बाहेर काढण्यात माझ्या वडिलांचा जन्म गेला आणि आता माझा चालला आहे. तुम्हाला काढायला त्यांना साधी नोटीसही लागत नाही?"

लागतेच असे नाही. अमेरिकेत 2009 साली एका बड्या विक्रेत्याने, ज्या तिसऱ्याच कोणी ती पुस्तके त्याच्या दुकानात विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते म्हणून, विकलेल्या प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या होत्या. पैसे परत दिले, पुढे माफीही मागितली. पण त्या पुस्तकांत, नकोसा मजकूर नाहीसा करून टाकणाऱ्या राजवटीवरची, जॉर्ज ऑर्वेलची '1984' ही कादंबरी होती आणि विनोदात कंपन्यांशी स्पर्धा करणे आपल्यासारख्यांना परवडत नाही. मी हे सांगितल्यावर गृहस्थ बराच वेळ मान हलवत राहिले. "आमचे वडील उगीच कोर्टात गेले," ते म्हणाले. "पुस्तकांचा धंदा काढायला हवा होता."

दुकान हसले, मीही हसलो, पण मला ते अजून सलते आहे. माझी अधोरेखिते, समासातल्या नोंदी, अर्धवट सोडलेल्या पानांच्या खुणा, सगळे त्या म्हाताऱ्या यंत्रात अडकून पडले आहे. अप्पा बळवंत चौकात घेतलेले पुस्तक मी कोणत्याही सुताराच्या कपाटात ठेवू शकतो आणि भाच्याला देऊन ते परत येणार नाही याची खात्रीही बाळगू शकतो. कोविद गोयल यांनी 2006 साली सुरू केलेले कॅलिबर नावाचे मोफत सॉफ्टवेअर एका साच्यातले पुस्तक दुसऱ्या साच्यात सहज बसवून देते, पण कुलूपबंद फाइल समोर आली की तेही हात जोडते. ज्याने चोरटी प्रत फुकटात उतरवून घेतली तो ती हव्या त्या यंत्रात लोळत वाचतो. अडकतो तो पैसे मोजणारा. ही व्यवस्था चोरांना अडवण्यासाठी केली आहे, असे तिचे समर्थक गंभीरपणे सांगतात.

एव्हाना दुकानदाराने एक कव्हर आणले होते. ते जुन्या कंपनीच्या यंत्राचे होते. "चालतंय बघा, याचंच जातं," असे म्हणत तो ते माझ्या नव्या यंत्रावर दाबून बसवू लागला.

"मग ते जुने यंत्र पुस्तकांसकट महिनाभर मला द्या," गृहस्थ म्हणाले.

त्यात माझे खाते आहे आणि खात्याला माझे कार्ड जोडलेले आहे, असे मी सांगितले.

"म्हणजे उसनेही देता येत नाही." त्यांनी माझ्याकडे, वाड्याच्या मालकाने निराधाराकडे पाहावे तसे पाहिले. "असे करा, वाड्यावर या. माझ्याकडे दोन कपाटे भरून पुस्तके आहेत, हवे ते न्या. फक्त अनामत ठेवावी लागेल." आणि दुकानदाराच्या हातातले माझे नवे यंत्र त्यांनी घेऊन, उलटसुलट करून, वजन पाहिले. "हे चालेल."