पोह्याचा डबा आणि रात्रीचे अडीच

गेल्या महिन्यात रोज रात्री अडीचच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी घूंऽऽऽ करत होतं. पहिल्या दिवशी मला वाटलं डास, दुसऱ्या दिवशी बिल्डिंगचा पंप, तिसऱ्या दिवशी बायकोला वाटलं मीच, कारण मला हलवून उठवलं आणि आवाज थांबला (फ्रिजचा कॉम्प्रेसर नेमका तेव्हाच बंद झाला होता, पण हे कुणाला पटवणार).

शेवटी टॉर्च घेऊन गेलो. फ्रिजला कान लावला तर तो बिचारा नेहमीसारखाच गुणगुणत होता, आपली वीज 50 हर्ट्झची म्हणजे मोटरमधलं चुंबक सेकंदाला 100 वेळा खेचणार, तेवढी गुणगुण असतेच. खरा आवाज वरून येत होता. फ्रिजवर आमचं निम्मं घर राहतं, मिक्सरचं भांडं, लाईटबिलं, बरणी फुटून मागे राहिलेलं झाकण. एकेकावर बोट ठेवत गेलो. झाकण, घूं चालूच. भांडं, चालूच. आईच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यावर बोट ठेवलं आणि एकदम चिडीचूप! काढलं की घूंऽऽ. मग पाच मिनिटं ठेव-काढ ठेव-काढ हाच खेळ, अडीच वाजता माणसाला एवढ्याचंही कौतुक वाटतं.

म्हणजे बघा, प्रत्येक वस्तूची थरथरायची स्वतःची एक चाल असते, त्याच चालीने कुणी हळूहळू ढकलत राहिलं की झोका चढतो तसं ते चढत जातं. रिकामा डबा, पातळ पत्रा, खाली फ्रिज, छत्तीस गुण जुळले. लंडनचा मिलेनियम ब्रिज 10 जून 2000 ला सुरू झाला आणि लोकांच्या नुसत्या चालण्याने असा आडवा डुलायला लागला की दोन दिवसांत बंद, मग हेलकावे जिरवणारे डॅम्पर बसवून 2002 मध्ये परत चालू. सकाळी आईला हे सगळं सांगितलं, पुलासकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यात दोन किलो पोहे ओतले. वजन वाढलं, चाल बदलली, घूं गायब.

महिनाभर मस्त झोपलो. काल रात्री परत बारीकशी घूं आली, मी अंधारात टॉर्च चाचपतोय तर आतल्या खोलीतून आई, झोपेतच, "पोहे संपत आले रे, उद्या येताना आण. आणि जाडे आण, मागच्या वेळी पातळ आणलेस."