पावसाला नाव ठेवायचं नाही

मराठवाड्याच्या माणसानं पावसाळी ट्रेकला जाऊ नये. भिजण्याचं काही नाही, पण भिजल्यावर कुरकुर करायची चोरी असते. कोकणातला माणूस पावसाच्या नावानं बोटं मोडून मोकळा होतो. आमच्याकडं कुणी "काय कटकट आहे पावसाची" म्हणालं की चार माणसं वळून बघतात.

त्यात आमच्यासोबत लातूरचे मामा होते. म्हणजे संपलंच.

ऑगस्टातल्या रविवारी संभाजीनगरहून जीप करून गौताळ्याला निघालो. कन्नड आणि चाळीसगावच्या मधलं हे जंगल १९८६ साली अभयारण्य झालं. इथं अजिंठ्याचा डोंगर एकदम तुटतो आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो, अशी ख्याती. त्या 'दिसतो'साठीच पहाटे उठलो होतो. कन्नड मागं पडलं आणि पावसानं जो धरला, तो धरलाच.

माझा रेनकोट नवा होता. पाणी खांद्याच्या शिलाईतून आत शिरायचं, बाहीतून कोपरापर्यंत यायचं आणि तिथं मुक्काम करायचं. हात खाली सोडला की तळव्यातून धार. बुटांना लाल माती, तिला सागाची पानं, पानांना आणखी माती. तासाभरात माझी उंची दोन बोटं वाढली. मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डोक्यावर टॉवेल टाकला होता. "मामा, रेनकोट घ्या की," तर म्हणाले, "कशाला? पाऊस काय चावायलाय का?"

मी फक्त "जरा थांबला तर बरं" एवढंच म्हणालो. मामा थांबले. "भाचेराव, २०१६ ला आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलतं. रेल्वेनं! घागरीला नंबर लावलेत आम्ही. अन् तुम्ही त्याला थांब म्हणायलाव?" यावर काय बोलणार? त्या रेल्वेपुढं माझ्या ओल्या मोज्यांची काय प्राज्ञा.

पुढं प्रत्येक वळणावर ती रेल्वे येत राहिली. बायको शेवाळावरून घसरली, रेल्वे. मोबाइल भिजून बंद पडला, रेल्वे. वानरांनी पिशवी उघडून वरचे धपाटे नेले आणि उरलेले पावसात लिबलिबीत झाले, तेव्हाही मामा शांतपणे म्हणाले, "ओलं धपाटं गिळायला सोपं जातंय. वर पाणी प्यायला लागत नाही." खरं सांगतो, ठेचा नसता तर मी त्या दिवशी उपाशीच राहिलो असतो.

शेवटी व्ह्यू पॉइंट आला. कठडा होता. कठड्यापलीकडं दूध होतं. आमचे मेहुणे गणिताचे शिक्षक. त्यांनी त्या पांढऱ्यात बोट रोवून वर्ग सुरू केला : "हे इथं खाली पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला पाटणला मठ काढला. आणि ते तिकडं चाळीसगाव." आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. पोरानं विचारलं, "कुठं?" मेहुण्यांनी तेच बोट आणखी पुढं केलं.

मी मामांकडं बघितलं. आता तरी हा माणूस चार शब्द बोलेल. इतकं चालून आलो, डोंगर नाही, दरी नाही! मामा कठड्याला टेकून म्हणाले, "आमच्याकडं ढग बघून बघून मानेला कळ लागतीय. इथं पुढ्यात येऊन उभा राहायलाय, अजून काय दाखवू तुम्हाला?"

उतरताना पितळखोरा केलं, कारण लेण्याला छप्पर असतं. इथं एक ठेंगणा, गालात हसणारा यक्ष सापडला होता. कान्हदास नावाच्या सोनारानं तो घडवल्याचं त्याच्या हातावर कोरलंय. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात असतो. कोरडा. हसायला त्याचं काय जातंय?

घरी पोचेपर्यंत मामांना लागोपाठ शिंका सुरू झाल्या. नाकातून धार, डोळे लाल. मामींनी फोनवरच आवाज ओळखला आणि झापायला सुरुवात केली, "भिजलाव ना पावसात?"

मामांनी शिंक दाबली, नाक पुसलं आणि ठामपणे म्हणाले, "छ्या! पावसानं नाही. जीपचा एसी बाधला."

जीपला एसी नव्हता.