आमच्या गाडीला अर्थ नाही

डिझेलची एक जुनी व्हॅन घेऊन मी तिच्यात गादी, शेगडी आणि बायकोच्या जुन्या साड्यांचे पडदे बसवले, ते चोर्ला घाटात मुक्काम करायचा म्हणून. पहिला मुक्काम बेळगावजवळच्या जांबोटीतच पडला, तोही चहाच्या टपरीसमोर. दहा मिनिटं इंजिन बंद केलं होतं. परत किल्ली फिरवली तर 'टक्'. एकच टक्. खिडकीतला कारकून मान वर न करता जेवढं बोलतो, तेवढंच.

गाडी बंद पडली की आमच्याकडं माणसं जमिनीतून उगवतात. "ब्याटरी उतरलीय ओ." "छ्या, कार्बन गेल्यात." एकानं खाली शिरून सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटारीवर, पान्याचे दोन टोले हाणले. टोल्यानं कधीकधी त्या मोटारीला करंट पोचवणारे कार्बन हलतात आणि सेल्फ उठतो, हे खरं. पण आमची गाडी मार खाऊन सुधारणाऱ्यांतली नव्हती. मग अर्धे कानडीत "दूडरी, दूडरी" आणि अर्धे "जोर लावा की" ओरडत ढकलू लागले. 1956 च्या राज्यरचनेपासून या भागात दोन भाषांचं एकमत झालेलं मी ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. सेकंड गिअर, क्लच सोडला, गाडी सुरू. धूर सगळा एकमताच्या तोंडावर.

मग मी नवी ब्याटरी घेतली. सहा हजार गेले, टक् राहिलं. जुनी ब्याटरीही ठणठणीत होती, कारण किल्ली मारताना दिवे जराही मंद होत नव्हते. ही परीक्षा मला पैसे दिल्यावर कळली. नंतर कार्बन बदलले. टक्. शेवटी गाडी उतारावर लावायला शिकलो. पाहुण्यांकडं जाताना बायको फोनवर आधी विचारायची, "तुमच्याकडं चढ आहे का ओ?" सकाळी शेजारचे काका ढकलायला यायचे, बनियनवर, टॉवेल खांद्यावर टाकून.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मिस्त्रीनं मात्र पाना उचललाच नाही. "मारा किल्ली," म्हणाला, आणि ॲक्सिलरेटरच्या केबलला बोट लावून झटकन मागं घेतलं. "बघा हात लावून." मी लावला. तव्यावरचा चटका.

"तुमच्या गाडीला अर्थच न्हाई ओ."

"मी सहा महिने दुसरं काय सांगतेय?" बायको म्हणाली.

त्यानं समजावलं. इंजिन बसलेलं असतं रबरावर. ब्याटरीचा मायनस चासीला, आणि चासीपासून इंजिनला तांब्याची एक विणलेली पट्टी, तोच गाडीचा अर्थ, म्हणजे अर्थिंग. सेल्फचा करंट त्या पट्टीनंच परत जायचा. हॉर्न आणि दिव्यांचं इंजिनवाचून चालतं, त्यांना लागतं तरी किती. पण डिझेलचा सेल्फ दीड-दोनशे अँपिअर ओढायला बघतो. पट्टीचा रस्ता बंद, म्हणून बिचारा करंट केबलीच्या बोळातून घुसत होता. "अर्थ आतेन्री?" हाताखालच्या पोरानं कानडीत विचारलं, म्हणजे समजलं का. आता आला होता.

पट्टीचा बोल्ट सोडला. पट्टी शाबूत. तिच्याखाली चासीवर सुंदर, गुळगुळीत, निळा रंग.

"रंग कुणी मारलाय हो?"

मी उद्यमबागेच्या आभाळात ढग शोधू लागलो. पावसाळ्यात खानापूरकडच्या रस्त्यांवर गाडी गंजू नये म्हणून मीच तीन हात दिले होते. पट्टी सोडून, रंग वाळवून, वरून पुन्हा आवळली होती, तीही दुप्पट जोरानं.

पोरानं पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासली. निळ्याखालून पांढरं लोखंड चमकलं. पट्टी बसवली, वरून ग्रीस. किल्ली मारली आणि सेल्फ असा गरजला की बायकोनं सवयीनं दार उघडून ढकलायला टाकलेला पाय हवेतच राहिला. मजुरी शंभर रुपये. मिस्त्रीनं पॉलिश पेपरचे वेगळे लावले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात, सपाट जागेवर, पहिल्या किल्लीला सुरू झाली. काका टॉवेल घेऊन धावत आले, थबकले आणि म्हणाले, "बंद कर की जरा. डॉक्टरनं मला व्यायाम सांगितलाय."