कोरड्या दिवशी गेट बंद करून पाहणारं शहर

लंडनला भाच्याकडे गेलो होतो. राजवाडा, मोठं घड्याळ वगैरे सगळं पाहिलंच, पण मला मनापासून पाहायचं होतं ते थेम्स बॅरियर, म्हणजे समुद्राचं पाणी शहरात शिरू नये म्हणून थेम्स नदीवर बांधलेली गेटांची रांग. चार्लटन स्टेशनला उतरायचं आणि नदीकडे पायी जायचं. या काठापासून त्या काठापर्यंत ५२० मीटर, पात्रात चकचकीत स्टीलच्या छपरांचे खांब ओळीनं उभे, आणि गेट काही दिसत नाही, कारण मधले मोठे गेट नदीच्या तळाशी काँक्रीटच्या खाचेत आडवे पडून असतात आणि जहाजं त्यांच्यावरून आरामात जातात. खांबांवर जहाजांसाठी सिग्नल आहेत, हिरवा बाण म्हणजे इथून जा, लाल फुली म्हणजे बंद. पाणी येणार असलं की पिवळ्या रंगाचं अवाढव्य मशीन ते गेट फिरवून वर उभं करतं. एकेक मोठं गेट ३००० टनांच्या वर. मी तर पाहतच राहिलो.

हे बांधायची पाळी का आली, तर १९५३ च्या जानेवारीअखेर वादळानं उत्तर समुद्राचं पाणी किनाऱ्यावर लोटलं, इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली, हॉलंडमध्ये १८०० च्या वर. तिथून काम सुरू व्हायला १९७४ उजाडलं आणि राणीच्या हस्ते उद्घाटन झालं १९८४ ला. म्हणजे वेळ त्यांनाही लागला, पण विषय सुटू दिला नाही.

मला सगळ्यात भिडली ती त्यांची सवय. दर महिन्याला टेस्ट. शिवाय वर्षातून एकदा मोठी भरती पाहून दिवसाढवळ्या सगळेच्या सगळे गेट बंद करून पाहतात, तारीख आधी जाहीर करतात, लोकं पोरांना घेऊन बघायला येतात. आणि वरून नदीलाच पूर असला तर ओहोटी असतानाच गेट बंद करतात, म्हणजे समुद्राचं पाणी बाहेर राहतं आणि नदीच्या पाण्याला पात्रातच जागा मिळते. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ५० वेळा बंद केलं, त्यातल्या बहुतेक वेळा याच कारणासाठी. पाणी यायच्या आधी जागा रिकामी करून ठेवायची, एवढं साधं आहे ते!

आता कोणी म्हणेल भाऊ, आपल्या नागपुरात कुठं समुद्र आहे. बरोबर, नागनदीला भरती येत नाही. पण २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, खाली अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात, सीताबर्डीला मोरभवन बसस्थानकातल्या बसेस बुडाल्या, माणसं गेली. माझी ताई त्याच भागात तळमजल्यावर राहते. अंधारात पाणी घरात शिरलं, फ्रिज आडवा होऊन तरंगत होता, आणि पुढं कित्येक दिवस कपाटाच्या खणातून, पोरांच्या वह्यांतून तोच चिखल निघून राहिला होता. आजही रात्री जोरात पाऊस आला की ती उठून बसते, मला फोन करते.

अंबाझरी भरला की आपण सगळे सांडवा पाहायला जातो, फोटो काढतो, मीही जातो, भरलेला तलाव छानच दिसतो. पण सप्टेंबरमध्ये काठोकाठ भरलेल्या तलावात नवीन पाण्याला जागाच नसते, मग ते जाईल कुठं? खालच्या घरांतच जाईल ना. मुसळधार पावसाचा अंदाज असला की तलावाची पातळी आधीच खाली आणायची सोय हवी, ती मे महिन्यात लोकांसमोर एकदा चालवून दाखवायला हवी, आणि खालच्या वस्तीला मध्यरात्री उठवणारा भोंगा हवा. यासाठी थेम्सएवढा पैसा लागत नाही, पण कोरड्या दिवशी पावसाचं काम करायची तयारी लागते. नदीकाठच्या भिंती परत बांधणं चांगलंच आहे, पण फक्त भिंतीवर माझा भरवसा नाही, कारण त्या रात्री भिंतीही पडल्या होत्या.

अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठ, शंकरनगरवाल्यांनो, तुमच्या मागचा नाला यावर्षी कधी साफ झाला ते तारीख आणि फोटोसकट खाली टाका. सगळं एकत्र करून पावसाळ्याच्या आधी निवेदन देऊ, माझी सही पहिली.