आधी ट्रायपॉड, मग रडणं

अण्णा आले तेच तापलेले. "बघितली एकदाची त्या पोराची स्वतःवरची फिल्म! दीड तास पलंगावर लोळतोय. लेक्चर बुडवतोय, छताकडे बघतोय. याला डॉक्युमेंटरी म्हणायचं? आमच्या वेळी असं लोळलो असतो ना, तर..."

"लाथ बसली असती. पाठ आहे आम्हाला, पुढे बोला," सुमी.

"ढोंग आहे सगळं! रडण्याच्या सीनमध्ये कॅमेरा तसूभर हलत नाही. म्हणजे पठ्ठ्याने आधी ट्रायपॉड लावला, मग रडला."

मुद्दा बिनतोड होता. अण्णांकडून असा मुद्दा वर्षातून एखादाच निघतो, त्यामुळे दोन मिनिटं सगळे गप्पच.

मग बंड्याला कंठ फुटला. (फिल्म सोसायटीत जातो, ऐकून घ्यावं लागतं.) "हे भांडण जुनं आहे, अण्णा. १९६० च्या उन्हाळ्यात ज्याँ रूश हा फ्रेंच फिल्मवाला आणि एदगार मोरँ हा समाजशास्त्रज्ञ, या दोघांनी पॅरिसमध्ये 'तुम्ही सुखी आहात का' असं लोकांना विचारत शूटिंग केलं. नंतर त्याच लोकांना बसवून ते दाखवलं. कोणी म्हणालं हा अभिनय आहे, कोणी म्हणालं इतकं उघडं पडणं बरं नव्हे. आणि ते भांडणही यांनी फिल्ममध्ये घातलं!"

"तू आधी माझा ट्रायपॉड आण," मी म्हटलं. चार वर्षं झाली.

"मोडका होता तो."

"नेताना नव्हता."

"ट्रायपॉड लावला, कबूल," सुमी म्हणाली. "पण आई ताट घेऊन येते ते आठवा. दार उघडल्यावर ती आधी कॅमेऱ्याकडे बघते, मग पोराकडे. आणि केस सारखे करते. हे काही त्याने ठरवलेलं नव्हतं. काढायला बसला स्वतःची फिल्म, निघाली आईची."

"तिला विचारलं तरी असेल का?" मी म्हटलं.

"वाटत नाही. माझा राग तेवढाच आहे. लोळू दे की खुशाल."

"पण त्याला दुःख कसलं आहे?" अण्णांची गाडी परत रुळावर. "फी भरलेली, ताट खोलीत येतंय..."

"अण्णा, पहिल्या वर्षाला तुम्ही दोनदा बसलात ना?"

"ते वेगळं. माझं पोट बिघडलं होतं."

"वर्षभर?"

अण्णांनी जरा विचार केला. "रोज नाही. पहिल्या लेक्चरच्या सुमारास."

बंड्या हसता हसता कट्ट्यावरून खाली. ट्रायपॉडचा विषय पुन्हा राहिला.